दूरसंवेदन : प्रत्यक्ष की अनुमान?

एखाद्या वस्तूला हात न लावता, तिच्याकडून येणाऱ्या विद्युतचुंबकीय प्रारणाची मोजणी करून तिच्याविषयी माहिती मिळवणे म्हणजे दूरसंवेदन. विमान, ड्रोन किंवा उपग्रहावर बसवलेले संवेदक ही मोजणी करतात आणि तिच्या आधारे पिकाखालचे क्षेत्र, धरणातला पाणीसाठा, वणवे, पूर आणि दरडी यांचे नकाशे तयार होतात. सातशे किलोमीटर उंचीवरून मिळालेले हे ज्ञान कोणत्या जातीचे, असा प्रश्न यातून उभा राहतो. भारतीय प्रमाणशास्त्राला तो अनोळखी नाही. न्यायदर्शन प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे मानते. भाट्ट मीमांसक आणि अद्वैती त्यांत अर्थापत्ती आणि अनुपलब्धी यांची भर घालतात. बौद्ध नैयायिकांना प्रत्यक्ष आणि अनुमान ही दोनच पुरतात, तर चार्वाकांना एकटे प्रत्यक्ष. ही वर्गवारी नुसत्या नावांची नाही. प्रत्येक प्रमाणाच्या चुका वेगळ्या आणि त्या पकडण्याच्या रीतीही वेगळ्या. उपग्रहाचे चित्र दिसायला छायाचित्रासारखे असल्यामुळे लोक ते सहजच प्रत्यक्षाच्या खात्यात टाकतात. ते तिथे बसते का, हे ठरवायचे तर चित्र तयार कसे होते ते आधी पाहावे लागते.

सुरुवात ऊर्जेपासून होते. बहुतेक संवेदक सूर्यावर अवलंबून असतात. सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ५,८०० केल्विन असल्याने त्याचे प्रारण ०.५ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास सर्वांत प्रखर असते. माणसाचा डोळा ज्या ०.४ ते ०.७ मायक्रोमीटरच्या टापूत पाहतो, तो याच भागात येतो. पृथ्वीसुद्धा प्रारण सोडते. तिचे तापमान ३०० केल्विनच्या जवळपास धरले तर त्या प्रारणाचा कळस १० मायक्रोमीटरच्या सुमारास येतो. हा औष्णिक अवरक्त भाग. वाटेत वातावरण असते. बाष्प, कार्बन डायऑक्साइड आणि ओझोन काही तरंगलांब्या गिळून टाकतात, काही मोकळ्या सोडतात. या मोकळ्या टापूंना वातावरणाच्या खिडक्या म्हणतात आणि जमीन पाहणाऱ्या संवेदकांचे पट्टे त्यांतच बसवावे लागतात. निळा प्रकाश हवेत सर्वाधिक विखुरतो. त्यामुळे निळ्या पट्ट्यातल्या चित्रात जमिनीबरोबर हवाही उमटते. संवेदकापर्यंत जे पोचते त्यात वस्तूचे किती आणि वाटेचे किती, हा हिशेब गणितानेच सोडवावा लागतो.

प्रत्येक पदार्थ कोणत्या तरंगलांबीचे किती प्रारण परत पाठवतो याचा एक आलेख असतो. हिरव्या पानातले हरितद्रव्य ०.४५ मायक्रोमीटरजवळचा निळा आणि ०.६७ मायक्रोमीटरजवळचा तांबडा प्रकाश शोषते. डोळ्याला न दिसणाऱ्या निकट-अवरक्तात मात्र पानाच्या आतल्या पेशींची रचना निम्म्याच्या आसपास प्रारण परत फेकते. स्वच्छ पाणी निकट-अवरक्त जवळजवळ सगळे शोषते, म्हणून त्या पट्ट्यात तळी काळीभोर दिसतात. या आलेखांचा भारतातला पहिला महत्त्वाचा उपयोग १९७० च्या सुमारास केरळात झाला. नारळाला लागणाऱ्या रूट विल्ट रोगाची पाहणी करण्यासाठी पी. आर. पिशारोटी यांच्या पुढाकाराने हेलिकॉप्टरमधून अवरक्त-संवेदी फिल्मवर बागांची छायाचित्रे घेतली गेली. निरोगी आणि रोगट झाडे त्या फिल्मवर वेगळी निघाली. पिशारोटींना पुढे भारतीय दूरसंवेदनाचे जनक म्हटले गेले. पण त्या फिल्मवर रोग उमटलेला नव्हता. उमटली होती ती पानांतून परतणाऱ्या अवरक्त प्रकाशातली घट. तिच्यावरून रोगापर्यंतची मजल पाहणाऱ्यांनी मारली होती.

आता प्रत्यक्षाचे लक्षण. न्यायसूत्रांनुसार इंद्रिय आणि विषय यांच्या संनिकर्षातून उपजणारे, न चकवणारे आणि निश्चयात्मक असे ज्ञान ते प्रत्यक्ष. संनिकर्ष म्हणजे दोहोंचा संबंध. जीभ, त्वचा आणि नाक यांच्याबाबत यात अडचण नाही. डोळ्याबाबत मात्र दर्शनांमध्ये कित्येक शतके वाद चालला. नैयायिकांच्या मते डोळा प्राप्यकारी आहे, म्हणजे तो विषयापर्यंत पोचूनच पाहतो. त्याचे तेजोमय किरण बाहेर पडून वस्तूला भिडतात. रात्री चमकणारे मांजरासारख्या प्राण्यांचे डोळे हा त्याला पुरावा म्हणून दिला गेला. भिंतीपलीकडचे दिसत नाही, ही आणखी एक साक्ष. संबंधाशिवाय दिसत असते तर भिंत आड आली नसती. मग काच, अभ्रक आणि स्फटिक यांतून कसे दिसते, असा आक्षेप निघाला. तेथे किरण अडत नाहीत, हे त्याला दिलेले उत्तर. बौद्ध आणि जैन विचारवंतांनी हे सगळेच नाकारले. त्यांच्या मते डोळा अप्राप्यकारी आहे, जागचा न हलता दूरचे ग्रहण करतो.

बौद्धांचा एक आक्षेप फार मार्मिक होता. झाडाची फांदी आणि तिच्यामागचा चंद्र एकाच वेळी दिसतात. किरण चालत जात असतील तर फांदी आधी आणि चंद्र पुष्कळ नंतर दिसायला हवा. नैयायिकांनी उत्तर दिले की क्रम असतोच, पण तो इतका जलद असतो की लक्षात येत नाही; कमळाच्या शंभर पाकळ्या एकावर एक ठेवून सुई खुपसली तर त्या एकदम भोसकल्यासारख्या वाटतात, तरी सुई एकेक पाकळी भेदतच जाते.

मानवी डोळ्यापुरते नैयायिक चुकले होते. डोळ्यातून काही बाहेर जात नाही. प्रकाश आत येतो. पण दूरसंवेदनात संवेदकांची जी पहिली विभागणी करतात, तीत दोन्ही पक्षांना जागा मिळाली आहे. सूर्याचा परावर्तित प्रकाश किंवा पृथ्वीची उष्णता टिपणारे संवेदक निष्क्रिय, आणि स्वतः प्रारण सोडून त्याचा परतावा मोजणारे सक्रिय. रडार आणि लिडार हे सक्रिय संवेदक अगदी न्यायमतातल्या डोळ्यासारखे वागतात. रडारचे स्पंद सातशे-साडेसातशे किलोमीटर खाली जाऊन सुमारे पाच सहस्रांश सेकंदात परततात आणि यंत्राचे सगळे ज्ञान त्या परतीच्या वेळेत, तीव्रतेत आणि कलेत (फेजमध्ये) साठलेले असते. लिडारचे स्पंद झाडाच्या शेंड्यावरून थोडे आधी आणि खालच्या जमिनीवरून थोडे नंतर परततात; त्या फरकातून झाडाची उंची निघते. ज्या अंतराला नैयायिकांनी न जाणवण्याइतके सूक्ष्म म्हटले होते, तेच अंतर येथे मोजले जाते. चंद्राचीही गोष्ट मिटली आहे. १९६९ मध्ये अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर ठेवलेल्या परावर्तकावरून लेसरचा स्पंद परत यायला सुमारे अडीच सेकंद लागतात.

काच आणि अभ्रकाचा मुद्दाही असाच पुढे सरकला. दृश्य प्रकाशाला ढग भिंतीसारखा आड येतो, तर काही सेंटिमीटर लांबीच्या सूक्ष्मतरंगांना तो जवळजवळ पारदर्शक असतो. म्हणून पावसाळ्यातले पूर रडारने पाहतात. रडारला रंग कळत नाहीत. त्याला कळतो पृष्ठभागाचा खडबडीतपणा, त्याचा उतार आणि पदार्थाचा विद्युत्गुण, जो ओलाव्याने बदलतो. शांत पाणी आरशासारखे सगळे प्रारण पलीकडे परतवते, म्हणून पुराचे पाणी रडारचित्रात काळे पडते. उपग्रहावरच्या छोट्या अँटेनाला बारकावे टिपता यावेत म्हणून उपग्रहाच्या प्रवासात वाटेवरून मिळालेले प्रतिध्वनी गणिताने एकत्र गुंफतात. त्यातून किलोमीटरच्या हिशेबात मोजावा लागेल एवढ्या लांब अँटेनाचे काम साधते. हे संश्लेषित छिद्र रडार. भारताने रिसॅट-१ या उपग्रहावर २०१२ मध्ये ते पाठवले. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटाहून गेलेल्या निसार उपग्रहावर नासाचे एल-बँड आणि इस्रोचे एस-बँड अशी दोन रडारे आहेत. तोच टापू तो दर १२ दिवसांनी मोजतो. दोन फेऱ्यांमधल्या कलेच्या फरकावरून जमिनीची काही मिलिमीटरची हालचाल काढता येते. ती हालचाल कोणत्याही एका चित्रात दिसत नाही. दोन चित्रांची तुलना केल्यावरच ती निघते.

निष्क्रिय संवेदकांत संबंध घडतो, पण तो कशाशी? शोधकावर येऊन आदळतो तो प्रकाशकण. शेत आहे तिथेच असते. बौद्धांपैकी सौत्रांतिकांचे मत येथे जवळचे वाटते. बाह्य वस्तू खरी आहे, पण ती थेट कळत नाही. ज्ञानात उमटलेल्या आकारावरून ती अनुमानाने कळते, असे ते मानत. डोळ्याने झाड पाहण्याला हे मत लावले की ते ओढूनताणून आणल्यासारखे वाटते. उपग्रहाला लावले की तांत्रिक वर्णन होते.

पाश्चात्त्य विज्ञानतत्त्वज्ञानात हाच वाद उपकरणांच्या निमित्ताने रंगला. ग्रोव्हर मॅक्सवेल यांनी १९६२ मध्ये विचारले की खिडकीची काच, चष्मा, दुर्बीण, सूक्ष्मदर्शक या ओळीत ‘पाहणे’ कुठे संपते? रेघ कुठेही ओढली तरी ती मनमानीच ठरते, हा त्यांचा रोख. बास व्हॅन फ्रासेन यांनी १९८० मध्ये वेगळी कसोटी दिली: योग्य जागी गेल्यावर जे नुसत्या डोळ्याने दिसेल ते निरीक्षणीय. या कसोटीने दूरसंवेदनाचे विषय दोन गटांत विभागले जातात. जंगल, तलाव, पूर हे पायी जाऊन पाहता येतात. वातावरणातला ओझोनचा स्तंभ, पानाचे अवरक्त परावर्तन किंवा मिलिमीटरभर खचलेली जमीन तिथे जाऊनही दिसत नाही. पहिल्या गटात उपग्रह डोळ्याचे काम सोपे करतो. दुसऱ्या गटात डोळ्याला काही कामच नसते.

संवेदकाच्या आत काय घडते ते पाहिल्यावर प्रत्यक्षाचा वाटा आणखी आक्रसतो. दृश्य आणि निकट-अवरक्त पट्ट्यांसाठी सिलिकॉनचे शोधक चालतात. त्यापुढच्या तरंगलांब्यांना इंडियम गॅलियम आर्सेनाइड किंवा मर्क्युरी कॅडमियम टेल्युराइड असे पदार्थ लागतात, आणि औष्णिक शोधक बहुधा थंड ठेवावे लागतात, नाहीतर त्यांची स्वतःचीच उष्णता मोजणीत शिरते. २३ जुलै १९७२ रोजी सुटलेल्या पहिल्या लँडसॅटवरचा संवेदक डोलणाऱ्या आरशाने उपग्रहाच्या वाटेच्या आडव्या दिशेला जमीन झाडत जाई. १७ मार्च १९८८ रोजी बैकानूरहून गेलेल्या भारताच्या आयआरएस-१ए वरील लिस संवेदकांत हलणारा आरसाच नव्हता. हजारो शोधकांची एक सरळ ओळ होती आणि उपग्रह पुढे सरकेल तसतशी ती जमिनीची एकेक रेघ टिपत जाई. या दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक ठिकाणावर जास्त वेळ थांबता येते, त्यामुळे संकेत स्वच्छ मिळतो. आजचे बहुतेक संवेदक याच वाटेने गेले.

संवेदकाची ताकद चार प्रकारच्या विभेदनाने सांगतात: जमिनीवरचा सर्वांत लहान तुकडा केवढा, पट्टे किती आणि केवढे अरुंद, तीव्रतेच्या पायऱ्या किती आणि तीच जागा पुन्हा किती दिवसांनी. लिस-१ चा पिक्सेल ७२.५ मीटरचा होता, म्हणजे जमिनीवर सव्वा एकराहून थोडा मोठा. लँडसॅट ८ चा ३० मीटरचा पिक्सेल सुमारे नऊ गुंठ्यांचा भरतो. त्यात घर, गोठा, बांधावरची बाभूळ आणि उसाचा कोपरा असे सगळे आले तरी हाती येते ती एकच सरासरी. चारही विभेदने एका यंत्रात मिळत नाहीत. पिक्सेल लहान केला की एका फेरीत दिसणारी जमिनीची पट्टी अरुंद होते आणि फेरी लांबते. पट्टे बारीक केले की प्रकाश अपुरा पडतो. भूस्थिर कक्षेतला हवामान उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवरून अर्ध्या तासात देशभराचे चित्र देतो, पण एका पिक्सेलमध्ये आख्खे गाव मावते.

न्यायपरंपरा प्रत्यक्षाच्या दोन पायऱ्या सांगते. निर्विकल्पक म्हणजे नाव-जातीविना झालेले पहिले ग्रहण, आणि सविकल्पक म्हणजे ‘ही गाय’ असा निश्चय. बौद्ध नैयायिक दिङ्नागाने तर कल्पनेचा स्पर्श नसलेले तेवढेच प्रत्यक्ष मानले. संवेदकाने पाठवलेले अंक निर्विकल्पक आणि त्यांतून केलेला पीकनकाशा सविकल्पक, अशी जोडी लावण्याचा मोह होतो. ती पूर्ण जुळत नाही. ते अंक आधीच विकल्पांतून गेलेले असतात. कोणते पट्टे मोजायचे, तीव्रतेच्या २५६ पायऱ्या पाडायच्या की ४,०९६, पिक्सेल केवढा धरायचा, हे सगळे उपग्रह उडण्याच्या कितीतरी आधी माणसांनी ठरवलेले असते. शिवाय न्यायमताप्रमाणे ज्ञान हा आत्म्याचा गुण आहे. संवेदक ज्ञाता ठरत नाही, फार तर करण, म्हणजे साधन, ठरतो.

मग चित्र पाहणारा तज्ज्ञ काय पाहतो? नेहमीच्या आभासी रंगसंयोजनात निकट-अवरक्त पट्ट्याला तांबडा रंग देतात, त्यामुळे दाट हिरवाई पडद्यावर लालभडक दिसते. सरावलेला विश्लेषक त्या लालीकडे बघून ‘हा ऊस’ म्हणतो आणि आपण काही तर्क केला असे त्याला वाटतही नाही. नव्य नैयायिक अशा जागी ज्ञानलक्षण नावाचा अलौकिक संनिकर्ष मानतात. लांबून चंदन दिसले की ‘सुगंधी चंदन’ असे ज्ञान होते, तेव्हा गंध डोळ्याने घेतलेला नसतो. पूर्वीचे ज्ञान आताच्या पाहण्यात मिसळते. अद्वैत्यांनी ही सोय मान्य केली नाही आणि गंधाच्या भागाला परोक्ष, म्हणजे थेट न झालेले, ज्ञान म्हटले. उपग्रहचित्रांबाबत अद्वैत्यांची बाजू अधिक पटते, कारण तज्ज्ञाचे काम आता संगणकाला दिलेले आहे आणि संगणकात ही मिसळ पायरीपायरीने, सूत्रांसह उघडी मांडलेली असते. निकट-अवरक्त आणि तांबडा यांच्या फरकाला त्यांच्याच बेरजेने भागले की उणे एक ते अधिक एक यांमध्ये येणारा वनस्पती निर्देशांक मिळतो. हा झाला हेतू. त्यावरून ‘येथे जोमदार पीक आहे’ असे म्हणणे हे साध्य. दोहोंना जोडणारी व्याप्ती आधी कुठल्यातरी शिवारात उभे राहून तपासलेली असते.

अनुमानाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण डोंगरावरच्या धुरावरून अग्नी ओळखण्याचे आहे आणि योगायोग असा की वणवे शोधणे हे दूरसंवेदनाचे रोजचे काम आहे. उपग्रह धुरावर विसंबत नाही. पेटत्या जाळाचे प्रारण ४ मायक्रोमीटरच्या आसपास फार प्रखर असते, तर साध्या तापलेल्या जमिनीचे तेथे क्षीण आणि ११ मायक्रोमीटरजवळ जास्त. या दोन पट्ट्यांतल्या तापमानांच्या तफावतीवरून आग ओळखतात. मोडिस संवेदकाचा औष्णिक पिक्सेल एक किलोमीटरचा आहे, तरी त्याच्या हजाराव्या भागाएवढी आग तो सामान्यतः पकडतो. म्हणजे धुराची मध्यस्थी गेली आणि उपग्रहाला अग्नी दिसू लागला, असे म्हणावे का? तसे म्हणता येत नाही. धुराच्या जागी तापमानांची तफावत आली, एवढाच बदल झाला. ही तफावत व्यभिचारीसुद्धा निघते: उन्हात तापलेले उघडे वाळवंट, पाण्यावरून थेट संवेदकात शिरणारी सूर्याची तिरीप, तेलविहिरीवरची कायमची ज्योत यांनीही ती निर्माण होते. जो हेतू साध्य नसतानाही आढळतो त्याला न्यायात सव्यभिचार म्हणतात. आग शोधणाऱ्या प्रणालीत जास्तीत जास्त मेहनत याच दोषावर खर्च झाली आहे. तिरीप ओळखायची, आसपासच्या पिक्सेलांशी तुलना करायची, ज्योतींच्या ज्ञात जागा वगळायच्या.

जे दिसले नाही त्याचे काय, हा प्रश्न याहून कठीण. भाट्ट मीमांसक कुमारिलांच्या परंपरेत अभावाचे ज्ञान अनुपलब्धी या वेगळ्या प्रमाणाने होते आणि अद्वैत्यांनीही ते स्वीकारले. पण त्यांनी घातलेली अट महत्त्वाची आहे: अनुपलब्धी योग्य हवी. वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती असेल तरच न दिसण्यावरून तिचा अभाव ठरतो. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही म्हणून घडा नाही, असे होत नाही. वणव्याच्या नकाशावरच्या कोऱ्या जागेखाली ढग असू शकतो, किंवा उपग्रह गेल्यावर लागून पुढच्या फेरीपूर्वी विझलेली आग असू शकते. चांगल्या नकाशात म्हणून ‘आग नाही’ आणि ‘पाहता आले नाही’ या दोन नोंदी वेगळ्या ठेवतात.

या अटीची खरी परीक्षा अंटार्क्टिकावर झाली. मे १९८५ मध्ये जोसेफ फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन यांनी हॅली येथील जमिनीवरच्या उपकरणाच्या नोंदींवरून दाखवले की दक्षिण ध्रुवप्रदेशात वसंत ऋतूतला ओझोन झपाट्याने घटत आहे. त्या वेळी निंबस-७ हा उपग्रह १९७८ पासून संपूर्ण पृथ्वीवरचा ओझोन मोजत होता. त्याच्या गणनेत १८० डॉब्सन एककांखालच्या किमतींवर ‘संशयास्पद’ असा शिक्का बसे, कारण एवढा कमी ओझोन कुठेच आढळत नाही, असे तोवरच्या अनुभवाने ठरलेले होते. संगणकाने त्या किमती फेकून दिल्या ही लोकप्रिय कथा खरी नाही. किमती साठवलेल्या होत्या आणि शिक्क्यांची संख्या वाढल्याचे शास्त्रज्ञांच्या लक्षातही आले होते. त्यांनी पडताळणीसाठी दक्षिण ध्रुवावरच्या केंद्राच्या नोंदी पाहिल्या, तर तेथे ओझोन ३०० एककांच्या आसपास दाखवला होता. पुढे कळले की ते जमिनीवरचेच उपकरण चुकीच्या तरंगलांबीवर लावलेले होते. मोजणी बरोबर, पण पूर्वीच्या व्याप्तीमुळे तिच्यावर संशय. आणि संशय फेडायला बोलावलेला साक्षीदारच चुकलेला. हॅलीच्या निबंधानंतर तोच उपग्रहसाठा पुन्हा तपासला गेला आणि ओझोनच्या खिंडाराचा पूर्ण विस्तार त्यातूनच उलगडला.

भ्रम मात्र जुन्याच पद्धतीचे होतात. शिंपल्यात चांदी दिसते त्या भ्रमाला न्याय अन्यथाख्याती म्हणतो: दिसणारी चकाकी खरी, पण ती चुकीच्या वस्तूला जोडली जाते. दृश्य पट्ट्यात बर्फ आणि ढग सारखेच पांढरे. १.६ मायक्रोमीटरच्या पट्ट्यात बर्फ काळवंडतो आणि पाण्याच्या थेंबांचे ढग उजळच राहतात, तेव्हा भ्रम फिटतो. डोंगराची सावलीही पाण्यासारखीच काळी दिसते, आणि तिची जोडणी चुकली की तलावांच्या यादीत नसलेली तळी येतात.

ज्ञान खरे आहे हे कशावरून कळते, यावर मीमांसक आणि नैयायिक यांचे टोकाचे मतभेद आहेत. मीमांसकांच्या मते ज्ञान स्वतःच प्रमाण असते, खोटे ठरेपर्यंत. नैयायिकांच्या मते त्याचे प्रामाण्य बाहेरून, प्रवृत्ती सफल झाल्यावर कळते. दिसलेल्या पाण्यापाशी जाऊन तहान भागली की ते मृगजळ नव्हते असे ठरते. दूरसंवेदनाचा व्यवहार पक्का नैयायिक आहे. वर्गीकरण झाले की काही ठिकाणे निवडून तेथे माणसे जातात, नकाशाने ऊस म्हटले तेथे खरेच ऊस आहे का ते नोंदवतात आणि चुकांचा तक्ता नकाशासोबत देतात.

बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारला २०२० मध्ये हे सारे टप्पे एकामागून एक घडले. जूनमध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले. लँडसॅट ८ ने २५ मे आणि १० जूनला टिपलेली चित्रे शेजारी ठेवली तर हिरवट पाणी गुलाबी झालेले स्पष्ट दिसते, जरी सुमारे १.२ किलोमीटर व्यासाचे ते सरोवर चित्रात जेमतेम ४० पिक्सेल रुंद आहे. रंग बदलला, संपूर्ण पाण्याचा बदलला आणि अवघ्या काही दिवसांत बदलला, एवढे चित्राने निर्विवाद सांगितले. कारण मात्र त्यात नव्हते. खारट पाण्यात असा रंग ड्युनालिएला हे शैवाल आणते, तसेच हॅलोआर्किया हे मीठप्रिय सूक्ष्मजीवही आणतात. दोघांत तांबूस कॅरोटिनॉइड रंगद्रव्ये असतात. एकाच खुणेमागे दोन कारणे संभवत असल्याने हेतू पुन्हा व्यभिचारीच. पाण्याचे नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत तपासल्यावर हॅलोआर्कियाचे नाव निश्चित झाले. अधिक पट्ट्यांचा संवेदक असता तर कदाचित दोन्ही शक्यता वेगळ्या करता आल्या असत्या, पण तसे करणारी व्याप्ती आधी लोणारच्याच पाण्यावर तपासावी लागली असती.

संवेदकापासून वापरणाऱ्यापर्यंत येताना या ज्ञानाची जात आणखी एकदा बदलते. विश्लेषकासाठी ते अनुमान असते. नकाशा हाती पडणाऱ्या तलाठ्यासाठी, विमा अधिकाऱ्यासाठी किंवा शेतकऱ्यासाठी ते शब्दप्रमाण होते. त्याने ना प्रारण मोजलेले असते, ना व्याप्ती तपासलेली. शब्दाचे प्रामाण्य आप्तावर टिकते, आणि न्यायभाष्यकार वात्स्यायनांच्या मते आप्त म्हणजे ज्याने विषय साक्षात जाणला आहे आणि जाणला तसाच सांगण्याची ज्याची इच्छा आहे असा माणूस. नकाशाबाबत त्याचा अर्थ असा की चित्राची तारीख, पट्टे, ढगाखालचा भाग आणि चुकांचा तक्ता सोबत द्यावा लागतो.

पीकविम्यात हा प्रश्न रुपयांत उतरतो. उपग्रहाच्या आधारे काढलेले उत्पादन एक सांगते आणि शिवारात ठरावीक आकाराचा तुकडा कापून केलेला पीक कापणी प्रयोग दुसरेच. दोन्ही बाजूंना तुल्यबळ हेतू उभे राहिले की न्यायशास्त्रात त्याला सत्प्रतिपक्ष म्हणतात आणि तेथे निष्कर्ष थांबतो. प्रशासनाला थांबता येत नाही. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत २०२३ च्या खरिपापासून भात आणि गहू या पिकांसाठी तंत्रज्ञानाधारित अंदाजाला किमान ३० टक्के वजन दिले गेले, उरलेले पीक कापणी प्रयोगाकडे राहिले, आणि दोन्ही मिळून एक आकडा काढायचे ठरले.